तिसऱ्या चढाईचं गणित: कॉलेजच्या कबड्डी संघांचा जुना खेळ का चालेनासा झालाय

दोन गुणांची आघाडी आणि सामना संपायला आठ मिनिटं. पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कुठल्याही मैदानावर अशा वेळी काय व्हायचं, हे कबड्डी बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. भरवशाचा गडी चढाईला जायचा, निदान रेषा ओलांडायचा, चार पावलं डावीकडे, चार पावलं उजवीकडे, आणि कुणाला हात न लावता माघारी. पुढचा गडीही तेच करायचा. पोरं "अरे खेळा की" म्हणून ओरडायची, पण जुनी जाणती माणसं मान डोलवायची. आघाडी घेतली की वेळ काढायचा, यालाच शहाणपणाचा खेळ म्हणत.

आज कॉलेजच्या संघानं तोच खेळ केला तर काय होतं ते बघा. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून १६ चढाया, एकाच्या वाट्याला आठ. आता नियम असा आहे की संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो. नाही मिळाला तर चढाई करणारा बाद आणि समोरच्या संघाला एक गुण. आठ चढायांत अशा दोन येतात, तिसरी आणि सहावी. दोन्ही वाया गेल्या की दोन गुण गेले. आघाडी पुसली गेली, आणि वर आपलेच गडी बाहेर बसलेले.

यालाच कुणी 'करो या मरो' म्हणतं, कुणी 'थर्ड रेड', गावाकडे सरळ 'तिसरी चढाई'. २६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा हा नियम टीव्हीवरून घराघरांत पोचला. मग तो मोठ्या स्पर्धांत आला आणि तिथून विद्यापीठाच्या, जिल्ह्याच्या मॅटवर उतरला. नियम सगळ्यांना पाठ आहे. खेळण्याची सवय मात्र अजून जुनीच आहे, आणि कॉलेजचे संघ अडकतात ते तिथेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण यावरून बाकावरसुद्धा वाद होतात. ही मोजणी संघाची असते, खेळाडूची नाही. पहिल्या दोन चढाया दोन वेगवेगळ्या गड्यांनी रिकाम्या घालवल्या आणि तिसरा गडी सामन्यात पहिल्यांदाच चढाईला निघाला, तरी त्याच्यासाठी ती तिसरीच. मधे गुण मिळाला किंवा चढाई करणारा पकडला गेला, तर मोजणी पुन्हा एकपासून.

वेगासाठी नियम, पण पहिल्या दोन चढाया थंड

नियम आणला तो खेळ रेंगाळू नये म्हणून. झालं थोडं उलटंच. संघांच्या लक्षात आलं की पहिल्या दोन चढायांत धोका घ्यायची गरजच नाही. फिरून या, समोरचा बचाव कसा उभा आहे बघा, कुठला कोपरा पुढे येतो, कुठला मागे राहतो ते टिपा. खरा खेळ तिसऱ्या चढाईत. बचाव करणारेही तेच करायला लागले. पहिल्या दोन चढायांत अंगावर जायचं नाही, पकडीची घाई करायची नाही, तिसऱ्या वेळी गडी आपणहून आत येणारच आहे.

म्हणजे आक्रमणाची मांडणीच आता तीन-तीनच्या गठ्ठ्यांत होते. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंदांची धरली तर एका संघाच्या ४० चढाया होतात, आणि त्यात जास्तीत जास्त १३ वेळा तिसरी चढाई येऊ शकते. त्यातल्या निम्म्या हुकल्या तरी सहा-सात गुण फुकट गेले. कॉलेजच्या पातळीवर कितीतरी सामने त्याहून कमी फरकानं सुटतात. ज्या स्पर्धेत मुलींचा सामना १५-१५ मिनिटांचा असतो, तिथे एका संघाच्या ३० चढाया, म्हणजे अशा जास्तीत जास्त दहा. तिथे एकेक हुकलेली चढाई आणखी महाग पडते.

मग तिसऱ्या चढाईची वाट बघावी, की पहिल्याच चढाईत गुण घ्यायला जावं? टीव्हीवर बघून बहुतेक कॉलेजं पहिला मार्ग धरतात, आणि चूक होते ती इथेच. वाट बघण्याचा खेळ ज्यांचे दोन्ही कोपरे भक्कम आहेत त्यांना शोभतो. आपली तिसरी चढाई हुकली तरी समोरच्याच्या तिसऱ्या चढाईत पकड होणार याची त्यांना खात्री असते, हिशेब बरोबरीत राहतो. बचाव कच्चा आणि चढाई करणारी पोरं चपळ, असा संघ तिसरीची वाट बघत बसला तर दोन्हीकडून मार खातो. त्यानं पहिल्या-दुसऱ्या चढाईतच, समोरचे गाफील असताना, हात मारून गुण काढलेला बरा. आपला संघ यातला कुठला, हे ठरवल्याशिवाय नवी पद्धत कागदावरच राहते.

समोर किती गडी आहेत, त्यावर सगळं

तिसरी चढाई सगळीकडे सारखी नसते. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस उघडा असतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकला आणि मागचा पाय हवेत असला की एक गुण, तिसरी चढाई पार. म्हणून भरलेल्या मैदानात तिसरी चढाई आली तर उंच, लांब पायाचा गडी पाठवतात. त्यानं कुणाला शिवलं नाही तरी चालतं. बोनस घेतल्यावर पकडला गेला तरी एक गुण आपला, एक त्यांचा.

समोर पाच किंवा चार गडी उरले की बोनस बंद. आता स्पर्श हवाच. गडी कमी म्हणजे सोपं, असं बाहेरून वाटतं, पण रिकाम्या कोपऱ्यांकडे गडी खेचून बचाव करणारे मधे सापळा लावतात. कॉलेजच्या पोरांची सर्वात जास्त फजिती होते ती इथे, कारण सरावात कायम सात गडी समोर उभे केलेले असतात. पाच जणांसमोरची चढाई पोरांनी खेळलेलीच नसते.

आणि तीन किंवा त्याहून कमी गडी समोर असतील तर पकडीला दोन गुण, म्हणजे अव्वल पकड. संघ लोणच्या तोंडावर आहे, तीनच गडी आत आहेत, आणि आपली तिसरी चढाई आली. प्रेक्षकांना वाटतं आता लोण लागणारच. आत उभ्या त्या तिघांना मात्र हीच वेळ हवी असते. गडी आत येणार हे नक्की, पकडला तर दोन गुण आणि आपला एक गडी परत. हरत आलेले सामने या एका पकडीवर फिरलेले आहेत. म्हणून जाणते प्रशिक्षक सांगतात, समोर तिघे राहिले की मोजणी तिसरीवर जाऊच देऊ नका, पहिल्या चढाईलाच उरकायचं बघा.

कुणाला पाठवायचं, यावरून भांडण

पूर्वी संघात एक हुकमी गडी असायचा. गावात त्याचं नाव, स्पर्धेच्या फलकावर त्याचा फोटो. तिसऱ्या चढाईला तोच जाणार, असं सगळे धरून चालतात. समोरचा संघही तेच धरून चालतो, आणि त्याच्यासाठीच साखळी बांधून बसतो.

यात बाद गड्यांचा एक बारीक हिशेब आहे. बाद झालेले गडी ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं परत येतात. हुकमी गडी तिसऱ्या चढाईत बाद झाला आणि त्याच्या आधी दोघे बाहेर बसलेले असतील, तर त्याला परत आणायला तीन गुण लागतात. तोवर संघ चढाईला दुसऱ्या फळीतल्या पोरांना पाठवणार, त्यांच्या चढाया रिकाम्या जाणार, पुन्हा तिसरी येणार. एक हुकलेली चढाई अशी तीन-चार मिनिटं संघाला ओढत नेते.

म्हणून नव्या पद्धतीत कामं वाटून घेतात. एक गडी बोनसचा. एक पाच-चार जणांसमोर खेळणारा, पायानं शिवणारा किंवा पाठीमागून लाथ मारणारा. आणि हुकमी गडी पहिल्या-दुसऱ्या चढाईला, जिथे त्याच्यावर बंधन नसतं आणि समोरचा बचाव सैल असतो. हे ऐकायला सोपं, करायला फार अवघड. कारण ज्याला तिसऱ्या चढाईला पाठवतात तो वारंवार बाद होणार. दहातल्या पाच वेळा गुण आणले तरी त्यानं चांगलं काम केलेलं असतं, पण गुणपत्रिकेवर त्याचे पाच गुण दिसतात आणि मोकळ्या चढाया करणाऱ्याचे दहा. घरचे विचारतात, "तू दर वेळी बाहेरच बसलेला कसा दिसतोस?" मित्र मोबाईलवर क्लिप काढून चिडवतात. विद्यापीठाच्या निवड चाचणीत कोण कुठल्या चढाईला गेला होता हे बघणारा माणूस असेल तर ठीक, नाहीतर त्या पोराची संधी जाते.

संधी जाणं ही छोटी गोष्ट नाही. कॉलेजच्या संघातून विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध'. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीस दल कबड्डीपटू घेतात. कोरडवाहू शेतीवर घर चालणाऱ्या पोराला ही शिडी माहीत असते. तिची पहिली पायरी कॉलेजच्या बारा जणांत नाव असणं आणि आत उतरायला मिळणं.

पायाची सवय बदलायची

तिसऱ्या चढाईत बचाव करणारे पुढे येत नाहीत, हा सर्वात मोठा फरक. मुलांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त १.७५ मीटर. तिसऱ्या चढाईला सातही जण त्या शेवटच्या पट्टीत जाऊन बसतात. आपण जाणार नाही, तूच ये.

गावाकडचा हात मारणारा गडी पुढे आलेल्या बचावावर पोसलेला असतो. मधला गडी एक पाऊल पुढे टाकतो, हा हात मारतो आणि पळतो. मातीवर ते फार सुंदर दिसतं. पण सगळे मागे बसले की त्याचा हात पोचत नाही. पाच मीटर आत जावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं, तेही दोन कोपरे पाठीमागे बंद होत असताना. इथे पाय लागतो. बसका पवित्रा घेऊन पुढचा पाय सरकवत बोटानं शिवणं, वळता वळता लाथ, साखळीखालून वाकून निसटणं. ही कौशल्यं मॅटवर बुटांत शिकावी लागतात. मातीवर पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचा फायदा घेत वळता येतं. मॅटवर बूट धरून ठेवतो, वळण हुकलं तर गुडघ्यावर येतं. सराव मातीवर आणि सामना मॅटवर, अशी स्थिती असलेल्या कॉलेजांना तिसरी चढाई दुप्पट जड जाते, हे त्यांच्या क्रीडा शिक्षकांना कुणी सांगायची गरज नाही.

दुसरी सवय घड्याळाची. जुन्या खेळात शेवटची पाच सेकंदं उरली की माघारी वळायचं, हे अंगात भिनलेलं. समोर चार किंवा जास्त गडी असताना तिसऱ्या चढाईत रिकाम्या हातानं परत येणं आणि पकडलं जाणं यात काहीच फरक नाही. दोन्हीत एक गुण जातो, गडी बाद होतो. मग परत यायचं कशाला? त्या शेवटच्या पाच सेकंदांत तर बचाव करणाऱ्यांची अंगं सैल पडतात, कारण त्यांना वाटतं आता हा गेला. तरी सामन्यामागून सामन्यात पोरं २५व्या सेकंदाला पाठ फिरवतात आणि मध्यरेषेवर येऊन पंचांकडे बघत उभी राहतात.

बचावालाही शिकावं लागतं, फक्त उलट्या बाजूनं. गावच्या मैदानात "धर, धर" असा गलका उठला की कोपरा उडी घेणारच. पहिल्या चढाईत अशी उडी फसली की समोरच्याला गुण आणि त्याची मोजणी पुन्हा सुरुवातीपासून. गलका न ऐकण्याचा सराव कुठल्याही पुस्तकात नाही.

मोठ्या मैदानावर हेच घडलं

एकाच गड्याच्या जोरावर स्पर्धा जिंकता येते, हे पटना पायरेट्सनं दाखवलं. २०१७ च्या पाचव्या हंगामात परदीप नरवालनं चढाईत ३६९ गुण घेतले आणि पटना विजेता झाला. साखळीखालून निसटणारी त्याची 'डुबकी' आज गल्लीतली पोरंही मारतात. पण परदीप प्रत्येक कॉलेजला मिळत नाही. तालुक्याच्या संघाला जवळचं उदाहरण पुणेरी पलटणचं. १ मार्च २०२४ ला हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामना आणि गुण तिशीच्या आत, यावरूनच कळतं की दोन्ही बाजूंनी किती थांबून खेळ झाला. असलम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी चढाईची कामं त्या हंगामात वाटलेली होती. अंतिम सामन्यात पंकजनं नऊ गुण घेतले, त्यातले चार एकाच चढाईत.

आणि तिसऱ्या चढाईवर आशियाई सुवर्णपदक अडकलेलंही सगळ्यांनी पाहिलं. ७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, भारत आणि इराण २८-२८. शेवटचं दीड-एक मिनिट उरलेलं आणि पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला. कुणाला न शिवता त्याचा पाय राखीव पट्टीत गेला, आणि त्याला धरायला इराणचे गडीही त्याच्या मागे तिकडे गेले. एका नियमाप्रमाणे चढाई तिथेच संपते, इराणला एक गुण. दुसऱ्या नियमाप्रमाणे मागे गेलेले बचावपटूही बाद, भारताला चार गुण. प्रो कबड्डीत एक नियम, आंतरराष्ट्रीय पुस्तकात दुसरा. खेळाडू मॅटवर बसून राहिले, निर्णय फिरले, सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

हाच गोंधळ जिल्ह्याच्या स्पर्धेत छोट्या प्रमाणात दर हंगामात होतो. टीव्हीवर पाहिलेला नियम वेगळा, पंचांच्या हातातलं पुस्तक वेगळं. तसे कबड्डीचे नियम बदलणं नवीन नाही. संजीवनी, गामिनी, अमर असे खेळाचे वेगवेगळे प्रकार महाराष्ट्रातच खेळले जात, बाद झालेला गडी परत येणार की नाही इथपासून फरक होता. म्हणून सामन्याआधी कर्णधारानं पंचांना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे का, आणि राखीव पट्टीत गेल्यावर काय धरणार. नाणेफेकीच्या वेळी दोन मिनिटं लागतात.

सरावात काय करता येतं

मॅट नसली तरी काही गोष्टी मातीवर होतात. अर्धा तास फक्त तिसऱ्या चढाया खेळायच्या. पहिल्या दोन झाल्या असं धरायचं, बचाव मागे बसवायचा, ३० सेकंद मोजायची. आधी सात जणांसमोर, मग पाच, मग तीन. चढाईला दर वेळी वेगळा गडी. ज्या पोरानं आयुष्यात कधी चढाई केली नाही त्या कोपऱ्यालाही पाठवायचं, कारण सामन्यात कधीतरी तोच एकटा आत उरतो. मैदान आखताना निदान आणि बोनस रेषा मापानं आखायच्या, पावलं टाकून अंदाजानं नाही. एक फूट इकडचं तिकडे झालं की बोनसचा पाय सामन्यात हुकतो.

मोठ्या स्पर्धांत तिसरी चढाई फलकावर दिसते. तालुक्याच्या मैदानावर फलक साधा असतो, कधी नसतोच, आणि आवाजात पंचांची खूण दिसत नाही. दोन रिकाम्या झाल्यात हे न कळल्यामुळे गडी हात हलवत परत येतो आणि बाद होतो, असं आजही घडतं. यावर काही संघांनी सोपा उपाय केलाय. राखीव खेळाडूंतल्या एकाला दुसरं काही काम द्यायचं नाही. तो बाकावर उभा राहतो, आपली मोजणी उजव्या हाताच्या बोटांवर, समोरच्याची डाव्या. आपला गडी मध्यरेषेकडे निघाला की एवढंच ओरडायचं: "तिसरी!"